लहान ड्रॉइंग टॅबलेट: एक आंबा सीझन आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

स्वस्तातला छोटा ड्रॉइंग टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी, घ्यायचा असेल, तर पेनाला दाबाच्या लेव्हली किती, म्हणजे हाताच्या दाबातले किती बारीक फरक त्याला कळतात, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी केबल कुठून निघते आणि जॅक कसला आहे ते बघा. चिडून लिहितोय, कारण ऐन गणपतीच्या तोंडावर माझा टॅबलेट आडवा पडला. पेन ठणठणीत, ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक, पाटी ठीक. गेला तो फक्त करंगळीच्या नखाएवढा मायक्रो यूएसबी जॅक.

राजापूर तालुक्यात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, नमन मंडळांचे बॅनर, गणपतीत मखरामागचे पडदे, अशी कामं. नावाची अक्षरं शक्यतो हाताने काढून देतो. गिऱ्हाइकाला ती आवडतात आणि शेजारच्या बागायतदाराच्या पेटीवर तोच फॉन्ट दिसत नाही. पूर्वी कागदावर काढून स्कॅन करायचो, मग कडा साफ करत बसायचो. माऊसने अक्षराला वळण येत नाही ते नाहीच.

घेताना बरंच चाचपलं. वॅकॉम कंपनीच्या ‘वन बाय वॅकॉम’ची लहान पाटी १५२ बाय ९५ मिलिमीटरची आणि दाबाच्या लेव्हली २०४८. त्याहून कमी पैशात दुसऱ्या कंपन्या ८१९२ देतात, आणि दुकानदारही तोच आकडा पुढे करतो. मी स्वस्तातला, साधारण सहा बाय चार इंचांचा घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या किमतीतल्या कुठल्याही मायक्रो यूएसबीवाल्या टॅबलेटला लागू आहे. मित्राच्या २०४८वाल्यावर आणि माझ्या ८१९२वाल्यावर एकच ‘श्री’ काढून बघितला. हाताला काडीचा फरक कळला नाही. फरक कळतो तो किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते त्यात, आणि ते बहुतेक खोक्यांवर छापलेलं नसतं.

चार बाय तीन इंचांचेही मिळतात आणि आणखी स्वस्त पडतात. सही करायला, पीडीएफवर खुणा करायला किंवा मुलांना ऑनलाइन गणित शिकवायला ते पुरतात. अक्षरं काढायला नाही. तेवढ्या जागेत सगळी हालचाल बोटांत अडकते आणि मनगट मोकळं होत नाही.

नवीन जोडला की एक गोष्ट लगेच करा. बहुतेक ड्रायव्हर सहा बाय चारची पूर्ण पाटी तुमच्या १६:९ स्क्रीनवर ताणून बसवतात. मग पाटीवर हात गोल फिरतो आणि स्क्रीनवर आडवा चपटा लंबगोल उमटतो. सगळी अक्षरं बसकी दिसतात. सेटिंगमध्ये प्रमाण राखण्याचा पर्याय चालू करायचा. त्याने सहा इंच रुंदीला सव्वातीन इंचांहून थोडी जास्त उंची उरते आणि अर्ध्या इंचाहून जास्त पट्टी वाया जाते. जाऊ द्या. पट्टी गेली तरी चालेल, पण डोळ्याला आणि हाताला एकच गोल दिसायला हवा. विंडोजवाल्यांनी पेन दाबून धरल्यावर उमटणारं राइट क्लिकचं वर्तुळही बंद करावं. संथ रेघ सुरू करताना तेच आडवं येतं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर क्रिटा. फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात ब्रशचं टोक चपटं करून कोन पक्का केला की बोरूसारखी जाड-बारीक रेघ आपोआप येते. स्वस्त पेनाला तिरकेपणा कळत नाही ही उणीव सगळे सांगतात, पण देवनागरीच्या कामात ती मला एकदाही नडली नाही. बोरूचा कोन एरवीही आपण धरूनच ठेवतो. दाब फक्त उकाराच्या शेपटीला आणि वेलांटीच्या टोकाला वापरतो.

उन्हाळाभर मी या टॅबलेटवर बेहद्द खूश होतो. लेबलं निम्म्या वेळात व्हायला लागली. कोणी विचारलं की सांगायचो, डोळे मिटून घ्या. तेव्हा तक्रार एकच होती: लॅपटॉप चार्जिंगला असताना संथ तिरकी रेघ थरथरायची. चार्जर काढला की सरळ. तो दोष घराच्या अर्थिंगचा होता. वायरमनने अर्थिंग नीट करून दिल्यावर थरथर बरीच कमी झाली. घामाने हात पाटीला चिकटतो, त्यासाठी जुन्या बनियनचा तुकडा तळव्याखाली घेतो. दोन बोटांचा हातमोजा विकत घ्यायची गरज नाही, कारण या पाट्यांना तळव्याचा स्पर्श मुळात कळतच नाही.

मग पाऊस आला. जुलैत रेघ मध्येच तुटायला लागली. टॅबलेट जोडल्या-तुटल्याचा तो आवाज येतो ना, तो दिवसभर. केबल एका बाजूला दाबून धरली की चालू, सोडली की बंद. केबल बदलली, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. टॉर्च मारून आत बघितलं तर पिनांवर हिरवट कीट. समुद्राकडून येणारी खारी, ओली हवा तांबं-पितळ खाते, हे इथे घराघरात माहीत आहे.

पेनाला यातलं काहीच झालं नाही, आणि ते का हे कळल्यावर मला या यंत्राबद्दल आदरच वाटला. या पेनात बॅटरी नसते. पाटीच्या आत तारांची जाळी असते. ती चुंबकीय लहर सोडते, पेनातली छोटी कॉइल त्या लहरीवर गुंजते आणि उलट खूण पाठवते. दाब दिला की त्या गुंजण्याचा सूर बदलतो. सगळं पेनाच्या पोटात बंद असतं, उघडा धातू कुठेच नाही, मग गंज चढणार कशावर? इतकी हुशारी करायची आणि सगळा भार शेवटी एका उघड्या, पुचाट जॅकवर टाकायचा, याचा मला खरा राग आहे. माझ्या टॅबलेटमध्ये तो जॅक नुसत्या कथलाच्या डागावर (सोल्डरवर) बसवलाय, आधाराला काही नाही. केबल बाजूने सरळ बाहेर येते. ती कोपराला लागली की सगळा ताण त्या डागावर.

वॉरंटी वर्षाची होती, म्हणून सेवा केंद्राला फोन केला. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. उत्तर आलं की पिनेला गंज म्हणजे पाण्याचं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. माझ्या टॅबलेटवर पाण्याचा थेंब पडलेला नाही. कोकणात पावसाळा असतो हे वॉरंटी देताना ठाऊक नव्हतं का? दुरुस्ती हवी तर स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा, तपासणीचे पैसे वेगळे, परत कधी मिळेल सांगता येत नाही. सगळा हिशेब नव्या टॅबलेटच्या निम्म्यावर गेला. गणपती तोंडावर, पडद्यांच्या ऑर्डरी घेतलेल्या. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, अजिबात घेऊ नका.

शेवटी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं आणि म्हणाला, “सर, खाऱ्या हवेनं खाल्लान याला. मोबाइलचे असे रोज येतात.” पाठीमागचे रबरी पाय काढले, त्याखालचे स्क्रू सोडवले, जुना जॅक गरम हवेने उचलला. जॅकखालचे धातूचे पॅड घासून साफ केले, नवा जॅक डाग देऊन बसवला, आणि चारी कोपऱ्यांना जास्तीचं कथील घातलं. ते बघताना मला पटलं की हे काम कारखान्यातच करता आलं असतं. दोनशे रुपये घेतले. त्यानंतर अख्खा गणपती सीझन निघाला, एकदाही तुटला नाही.

आता काळजी घेतो. पावसाळ्यात काम झालं की टॅबलेट आणि केबल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवतो. केबल सारखी काढायची नसेल तर ती पाटीच्या मागे चिकटपट्टीने वळवून ठेवा, म्हणजे ओढ जॅकवर न येता पट्टीवर येते.

दुरुस्तीनंतर या पाटीवर मला सगळ्यात आवडलेलं काम सुरू झालं. आमच्याकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवर, कातळशिल्पं आहेत: कशेळी, बारसू, देवाचं गोठणं, रुंढे तळी. २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आहेत. जांभ्यावर कोरलेल्या या आकृत्या फोटोत नीट उठत नाहीत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तर दिसतच नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात थोड्या दिसतात. असा फोटो क्रिटात खालच्या थरावर ठेवतो, वर रिकामा थर घेतो आणि खोदलेल्या रेघेवरून पेन फिरवतो. कशेळीच्या मोठ्या हत्तीच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेत, ते असं गिरवतानाच मला एकेक करून दिसले. झिजलेल्या ठिकाणी पेन हलकं धरतो, रेघ फिकट येते, म्हणजे नंतर बघणाऱ्याला कळतं की इथे खात्री नाही. दाबाचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

पेनाच्या निबा झिजतात, पण सोबत आलेल्या पुरतात. पाटीवर चरे पडलेत, त्याने काही बिघडत नाही.

पुढचा घेईन तो सहा बाय चारचाच. टाइप-सी जॅकचा, केबल वरच्या कडेने निघणारी आणि वेगळी काढता येणारी, दोनतीनशे रुपये जास्त पडले तरी. आणि घेण्याआधी दुकानदाराला केबल लावून ती बोटाने हलकेच हलवून दाखवायला सांगेन. जॅक जागचा हलला, तर तो टॅबलेट समुद्रकाठच्या माणसाने घेऊ नये.