पहिलं क्रेडिट कार्ड: पगारावरचं की ठेवीवरचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बँक कर्ज नाकारते ते दर वेळी हप्ते थकले म्हणूनच नाही. बऱ्याचदा अर्जदाराची कुठं नोंदच नसते. सोसायटीचं कर्ज वेळच्या वेळी फेडलेलं असतं, पिग्मी (रोजची बचत) एक दिवस चुकलेली नसते, आणि घरकर्जाला अर्ज केला की सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टात, 300 ते 900 मधल्या आकड्याच्या जागी उणे एक, म्हणजे ‘नोंद नाही’, दिसतो. सौहार्द (सहकारी) संस्थेतल्या कर्जाची फेड सहसा सिबिलपर्यंत पोचत नाही, आणि पिग्मी तर बचतच. म्हणून पहिलं कार्ड घेताना कॅशबॅक आणि विमानतळावरचं लाउंज बाजूला ठेवा. फेडीची नोंद तुमच्या पॅनवर नियमित पडते का, एवढंच आधी बघायचं.

पगार बँकेत जमा होत असेल, समजा उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी आहे, तर त्याच बँकेचं अ‍ॅप उघडा. तिथं प्री-अप्रूव्ह्ड (बँकेनं आधीच मंजूर केलेलं) कार्ड दिसत असेल तर तेच घ्या. पैसे अडकत नाहीत, कागदपत्रंही फारशी लागत नाहीत. ऑफर नसेल तर मात्र मॉलमधल्या टेबलांवर फॉर्म भरत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात उमटते, आणि महिन्यात तीन-चार चौकश्या दिसल्या की पुढची बँक सावध होते. ‘फ्री’ शब्दाचीही खातरजमा करा: आजीवन फ्री आहे, की वर्षाला ठरावीक खर्च केला तरच फी माफ? 500 रुपये फी म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 590.

शहापूर-वडगावात माग चालवणारे, गणपत गल्लीत दुकान असणारे, रोख मजुरीवरचे, नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले यांच्यासाठी ठेवीवरचं कार्ड सरळ आहे. पगाराची स्लिप लागत नाही. बँकेत मुदत ठेव ठेवायची, तिच्या साधारण 75 ते 100 टक्के खर्चाची मर्यादा कार्डावर मिळते. 25,000 च्या ठेवीवर 80 टक्क्यांनी 20,000. ठेवीवर व्याज चालूच राहतं, फक्त कार्ड बंद केल्याशिवाय ती मोडता येत नाही. सिबिलच्या दृष्टीनं हे कार्ड कमअस्सल नाही. वेळेवरची फेड इथंही तशीच मोजली जाते.

घोळ होतो तो ठेवीपाशी. ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. सौहार्द किंवा पतसंस्थेतल्या पावतीवर कार्ड मिळत नाही. पिग्मीची रक्कम हातात आली की त्यातले 20-25 हजार बँकेत वळवणं हा चांगला मार्ग. वडिलांच्या नावावरची ठेव चालत नाही, संयुक्त ठेवही बऱ्याच बँका घेत नाहीत. मुदत संपताना आपोआप नूतनीकरण निवडलेलं नसेल तर ठेवीबरोबर कार्डही बंद पडू शकतं. आणि ‘बिल थकलं तर ठेवीतून कापून घेतील’ या भरवशावर राहू नका: कापून घेतीलच, पण थकल्याची नोंदही जाईल.

आता वापर, कारण दोन्ही कार्डं इथंच बिघडतात. 20,000 च्या मर्यादेत बिलाच्या तारखेला 6,000 च्या, म्हणजे 30 टक्क्यांच्या, आत बाकी दिसावी. मोठी खरेदी झाली तर बिल निघण्याआधीच काही रक्कम भरून टाका. सिबिलकडे बाकीची नोंद नियमित जात असते. बिल पूर्ण भरायचं. ‘मिनिमम ड्यू’चा हिशेब एकदा मांडून बघा: बाकी 10,000, किमान रक्कम 500. महिन्याला 3.5 टक्क्यांनी व्याज 350, त्यावर जीएसटी 63. भरलेल्या पाचशेतले 413 व्याजातच गेले, मुद्दल जेमतेम 87 रुपयांनी उतरलं. एटीएममधून रोख तर काढूच नका. व्याज त्याच दिवसापासून लागतं, शुल्क वेगळं.

रुपे कार्ड मिळत असेल तर ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे बाजारातल्या क्यूआर कोडवरही चालतं. मात्र ते दुकानदारालाच, मित्राला पैसे पाठवायला नाही. सोय चांगली, पण चहा-वडापावाचं बिलही महिनाअखेरीस एकत्र समोर येतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. वडिलांच्या कार्डावरचं अ‍ॅड-ऑन (जोड) कार्ड घेतलं तर नोंद सहसा वडिलांच्याच नावावर पडते. मोबाइल-फ्रिजच्या दुकानातल्या ईएमआयनं नोंद तयार होते, पण प्रत्येक खरेदी हे नवं कर्ज, आणि हप्ता बाउन्स झाला की फायनान्स कंपनी आणि बँक दोघंही दंड लावतात. किसान क्रेडिट कार्ड हे नावापुरतं कार्ड, ते पीक कर्जाचं खातं. ते बँकेतून घेतलेलं असेल तर तुमचा इतिहास कदाचित आधीच तयार आहे; अर्जाआधी रिपोर्ट काढून बघा.

अर्ज भरताना आधार आणि पॅनवरचं नाव ताडून घ्या. एकावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाही, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, एवढ्यानंही अर्ज अडकतो. खानापूर तालुक्यातल्या गावांनी आपला पिनकोड त्या बँकेच्या यादीत आहे का हेही आधी विचारावं.

स्कोअर दिसायला साधारण सहा महिने लागतात. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात भलत्याचंच कर्ज दिसलं तर तिथंच ऑनलाइन तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनं 2024 पासून लागू केला आहे.