बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) नट-बोल्टचं दुकान, चार वर्षांच्या व्यवहारानंतर साडेचार स्टार

दुकान फास्टनरचं आहे, म्हणजे नट, बोल्ट, वॉशर, स्टड, थ्रेडेड रॉड वगैरे. आमची कंपनी बडोद्याजवळ पोर गावात, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि मार्शलिंग बॉक्स (वायरींच्या जोडणीच्या पेट्या) बनवतो, मी तिथे परचेस बघते आणि 2021 पासून दुकानाच्या मालक काकांकडून माल घेतेय. रिव्ह्यू कधी टाकला नव्हता, काकांनी मागितलाही नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन मुलगा लागला, त्याने तीन कोटेशन समोर ठेवून विचारलं की मॅडम हे तर नगामागे वीस-तीस पैसे महाग आहेत मग दर वेळी यांनाच का, तर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

पहिल्याच ऑर्डरपासून सांगते. एम12 बाय 50 (12 एमएम जाड, 50 एमएम लांब) बोल्ट, 8.8 ग्रेड (मजबुतीचा दर्जा), झिंक प्लेटेड, 2000 नग. पीओ (परचेस ऑर्डर) मेल केली आणि पंधरा मिनिटांत काकांचा फोन, "बेन, पानुं 19नुं के 18नुं?" म्हणजे पाना 19 चा लागतो की 18 चा. मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं की एम12 च्या बोल्टचं डोकं जुन्या जर्मन स्टँडर्ड डिन 933 प्रमाणे 19 एमएम असतं आणि आयएसओ 4017 प्रमाणे 18, एम10 ला तेच 17 आणि 16, बाजारात दोन्ही माल फिरतो आणि तुमच्या पीओवर नुसतं हेक्स बोल्ट लिहिलंय. आमच्या शॉपवर सगळे सॉकेट 19 चे! काकांनी हातात होता तो माल पाठवला असता तरी तो पीओप्रमाणेच धरला गेला असता, मला रिजेक्टही करता आला नसता, आणि असेंब्लीवाले माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले असते. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पीओवर स्टँडर्डचा नंबर आणि पान्याची साइज असते.

चूक त्यांच्याकडूनही झालीये, लपवत नाही. एकदा एचडीजी (हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) बोल्टबरोबर साधे नट आले. हॉट डिप केलं की आट्यांवर जस्ताचा जाड थर बसतो म्हणून त्याचा नट ओव्हरसाइज टॅप केलेला, म्हणजे आटे थोडे मोठे पाडलेला लागतो, साधा नट दोन आटे फिरतो आणि अडकतो. दुसऱ्या दिवशी डिस्पॅच, 400 नट बदलायचे, मी पाच वाजता फोन केला. साडेसातला काका स्वतः ॲक्टिव्हावर पायाशी पोतं ठेवून पोरला हजर, आणि पोतं टाकून निघून गेले नाहीत हो, स्टोअरच्या टेबलावर बसून मूठ मूठ नट काढून बोल्टवर हाताने फिरवून बघितले, तोवर आमच्या स्टोअरवाल्याने चहा आणला तो तसाच गार झाला. जुने नट परत नेले, क्रेडिट नोट मी न मागता दोन दिवसांत आली, आणि तेव्हापासून एचडीजीचा बोल्ट आणि नट ते एकाच पाकिटात जोडीनेच बांधून देतात.

याआधी आम्ही एका मोठ्या सप्लायरकडून घ्यायचो, नाव घेत नाही, रेट चांगला होता पण "माल निकल गया" हे तीन-तीन दिवस ऐकायचं, एलआर नंबर (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर) मागितला की फोन उचलायचा नाही आणि इकडे प्रॉडक्शनवाल्यांना मी तेच खोटं पुढे सांगत बसायचे. काका उशीर होणार असेल तर आधी सांगतात की लुधियानाहून माल शनिवारी निघेल, बुधवारशिवाय पोचत नाही, तोवर माझ्याकडचे 300 घेऊन जा आणि लाइन चालू ठेवा. परचेसमध्ये मला एवढंच हवं असतं, वाईट बातमी वेळेत. तारीख पुढे गेली तरी मी प्लॅन फिरवू शकते, पण खोट्या तारखेवर काहीच करता येत नाही.

आता पैशाचं, कारण आमच्याकडे सप्लायरबद्दल सगळे बोलतात पण आपण गिऱ्हाईक म्हणून कसे आहोत यावर कोणी बोलत नाही. मार्च 2024 आठवतोय, इन्कम टॅक्सचं 43बी(एच) कलम लागू झाल्यावरचा पहिला मार्च. मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचं बिल एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्याच्या मुदतीत, म्हणजे लेखी ठरलेलं असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि काहीच ठरलेलं नसेल तर 15 दिवस, चुकतं केलं नाही आणि वर्षअखेरीला बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. सगळ्या कंपन्यांची धावपळ चालली होती. पण मुदतीत पैसे मिळण्याची ही सोय माल बनवणाऱ्यांना आणि सर्व्हिसवाल्यांना आहे, ट्रेडरला नाही. ट्रेडरचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) 2021 पासून होतं पण ते बँकेच्या प्रायॉरिटी लेंडिंगपुरतंच, म्हणजे प्राधान्याने मिळणाऱ्या कर्जापुरतंच. म्हणजे काकांसारख्या दुकानदाराच्या बाजूने कायदाच नाही, आणि म्हणून अकाउंट्सने यादी केली त्यात त्यांचं नाव सगळ्यात खाली, "यांना एप्रिलमध्ये बघू". मी साहेबांकडे जाऊन बसले. म्हटलं साहेब, ज्या माणसाने रात्री नट आणून दिले त्याला कायदा नाही म्हणून शेवटी ढकलायचं हे मला पटत नाही, आणि 30 दिवस आपणच पीओवर लिहिलेत. 28 मार्चला पेमेंट गेलं. काकांनी तगाद्याचा एकही फोन केला नव्हता, नंतर फक्त "मळी गया बेन" (मिळाले ताई) एवढा मेसेज.

ते पैसे वेळेवर गेले म्हणून पुढचं झालं असं मी म्हणणार नाही, ते तसेही वागले असते. पण ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दुकान बंद, गोडाऊनमध्ये पाणी, आणि तशातही त्यांचा फोन आला की तुमचा झिंकवाला लॉट भिजला, पांढरा डाग धरेल, तो मी देणार नाही, एचडीजी वर रॅकवर आहे तो सुरक्षित आहे. भिजलेला माल पुसून पाकीट बदलून कोणीही खपवला असता, आणि आम्हाला कळलं असतं ते टाकी साइटवर गेल्यावर.

अर्धा स्टार कापलाय तो एमटीसीसाठी. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर यायला हवं, हीट नंबरसकट (स्टीलच्या बॅचच्या नंबरसकट), ते चार-पाच दिवस मागून येतं आणि कस्टमरचा इन्स्पेक्टर समोर बसलेला असताना माझा जीव वर-खाली होतो. काकांना दोनदा स्पष्ट सांगितलंय, सुधारणा आहे पण पुरेशी नाही. एसएसमध्ये (स्टेनलेस स्टीलमध्ये) 304 ग्रेड मिळतो पण 316 ग्रेडचा ए4-80 मजबुतीचा बोल्ट लागत असेल तर आठ-दहा दिवस धरा. कोटेशन कागदावर लिहून व्हॉट्सॲपवर फोटो येतो, ऑडिटवाल्यांना ते चालत नसेल तर मेलवर मागा, देतात. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. आणि दिवाळीला बंद झालं की लाभपाचमीलाच (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतं, उत्तरायणाला 14 आणि 15 जानेवारी दोन्ही दिवस, त्यामुळे स्टॉक आधीच भरून ठेवा.

नवीन कोणी जाणार असेल तर रेटवरून पाच-पाच पैशांसाठी ताणू नका, वर्षाचा अंदाज सांगा, त्यावर ते स्वतःहून रेट खाली आणतात. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांची कच्ची गरज त्यांना पाठवतो, ड्रॉइंग बदललं तर त्याच दिवशी कळवतो. एम16 बाय 90 ही साइज आम्हाला दुसरीकडे सहसा तयार मिळत नाही. काकांच्या मागच्या रॅकवर त्याचे दोन डबे असतात, वर खडूने आमच्या कंपनीचं नाव, आणि गेल्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक ते मागत असताना मी तिथेच उभी होते, त्याला त्यांनी मागवून देतो म्हणून सांगितलं.