ब्रिटनचं ‘नॉक्टर्नल’: फेबरची प्रत घ्यावी का, आणि कशी वाचावी

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन पियानो आणि व्हायोला वाजवायचा, गिटार नाही. तरी १९६३ साली त्याने गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी लिहिलेलं ‘नॉक्टर्नल, ओपस ७०’ हे विसाव्या शतकातलं गिटारसाठीचं सर्वांत भक्कम काम म्हणावं लागेल. फेबर म्युझिक या प्रकाशकाची छापील प्रत ब्रीमनेच संपादित केलेली आहे. ती जरूर घ्यावी. फक्त त्यातले स्वर ब्रिटनचे आणि कोणतं बोट कुठे ठेवायचं ते सांगणारे आकडे ब्रीमचे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

गिटार न वाजवणारा संगीतकार कुठे अडकतो, हे एका साध्या उदाहरणातून कळतं. पियानोवर ई आणि एफ हे शेजारचे स्वर एकत्र दाबायला काहीच कष्ट नाहीत. गिटारवर पहिल्या तारेच्या पहिल्या पडद्यावर एफ धरला की त्याच तारेचा मोकळा ई बंद झाला. दोन्ही एकत्र हवे असतील तर एफ दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर न्यावा लागतो, आणि मग डावा हात तिथेच खिळतो. त्याच क्षणी पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरचा खालचा स्वर हवा असेल, तर तो सहज हाताला येत नाही, खाली फक्त मोकळ्या तारा उरतात. कागदावर हे दिसत नाही. त्यामुळे मध्ये एक जाणकार वादक लागतो. स्विस संगीतकार फ्रँक मार्टिनने १९३३ मध्ये गिटारसाठी चार छोट्या रचना लिहून स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाकडे पाठवल्या, पण सेगोव्हियाने त्या कधी जाहीर वाजवल्या नाहीत. मार्टिनने त्याच संगीताची पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी रूपं केली. पुढे ब्रीमने त्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यामुळे दोष लेखनात होता असं म्हणता येत नाही.

ब्रिटनला असा वादक सुरुवातीपासून लाभला. ‘नॉक्टर्नल’मध्ये तारा नेहमीच्याच सुरांत राहतात, सहावी तार उतरवावी लागत नाही, अशक्य अशी एकही जागा नाही. अवघड मात्र पुष्कळ आहे. आठ बदलती रूपं सलग येतात आणि जॉन डाउलंडचं १५९७ सालचं मूळ गाणं शेवटी उलगडतं. एरवी आधी धून आणि मग तिची रूपं असा क्रम असतो, इथे तो उलटा आहे. म्हणून शिकतानाही शेवटापासून सुरू करा. गाणं आधी गळ्यातून म्हणा, मग तारांवर घ्या. ते कानात बसलं नसेल तर पहिलं, विचारात हरवलेलं रूप म्हणजे नुसते सुटे स्वर वाटतात. या भागात बहुतेक एकच ओळ आहे, म्हणून सोयीसाठी मध्येच मोकळी तार घेण्याचा मोह होतो. तो टाळा. मोकळ्या तारेचा चमकदार नाद ओळीच्या मध्येच टोचतो. शक्य तिथे एक वाक्य एकाच तारेवर ठेवा, छापलेला आकडा काहीही असो.

सहाव्या, स्वप्नवत भागात कॉर्डला हार्मोनिक्सने, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या स्वरांनी, उत्तर मिळतं. इथे फसतं ते दोन्हींचं वजन जुळण्यात. कॉर्ड जोरात पडला की हार्मोनिक ऐकूच येत नाही. कॉर्ड गिटारच्या गोल छिद्राजवळ मऊ वाजवा, हार्मोनिकसाठी उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीकडे, सरकवा. डाव्या हाताचं बोट पडद्याच्या धातूच्या बरोबर वर असावं आणि तार छेडताक्षणी उचलावं. जुन्या, झिजलेल्या तारांवर हा भाग बेसूर लागतो आणि मग विनाकारण बोटांना दोष दिला जातो.

खरी परीक्षा आठव्या भागात, पॅसाकाग्लियात. खर्जात उतरत्या स्वरांची ओळ पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर सगळा डोलारा चढत जातो. दोन चुका हमखास होतात. खर्जाचा मागचा स्वर पुढच्यावर घुमत राहतो, त्यामुळे ओळ चिखलासारखी होते. नवा स्वर छेडल्यावर अंगठ्याच्या कडेने आधीची तार दाबून थांबवा, ही सवय संथ लयीत आठवडाभर लावावी लागते. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच आवाज वाढवणं. गिटारची आवाजाची पट्टी लहान असते. कळसाच्या जागा आधी पेन्सिलीने खुणावून तिथून मागे हिशेब लावा.

प्रतीबद्दल एक तक्रार आहेच. भाग सलग असल्याने पान उलटायला उसंत मिळत नाही, म्हणून सरावासाठी पानं सुटी करून शेजारी-शेजारी लावावीत. आणि सुरुवातीला आकड्यांकडे न बघता स्वर वाचून स्वतःची जागा ठरवावी, नंतर ब्रीमची पडताळून पाहावी. लहान हातांना त्याचे काही ताण झेपणार नाहीत, आणि तिथे बोट बदललं म्हणून संगीत बिघडत नाही.

शेवटच्या गाण्यात शेवटची पुनरावृत्ती पूर्ण होत नाही, मध्येच विरते. तिथे लय ताणू नका, स्वर मंद होत जाऊ द्या आणि शेवटची तार आपोआप थांबेपर्यंत हात हलवू नका.