शबाका घ्यावा की मखाथिनी? पहिला स्पिरिच्युअल जॅझ अल्बम निवडताना

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला जॅझची एलपी दुकानात जाऊन चाळून घेणं काही होत नाही, ऑनलाइनच मागवावी लागते आणि बाहेरून आली की महाग पडते, म्हणून एकच घ्यायची असेल तर आधी सगळं स्ट्रीमिंगवर ऐकून घ्या. स्पिरिच्युअल जॅझ म्हणजे प्रार्थना, ध्यान, भक्तीच्या अंगानं जाणारं जॅझ. 2024 मध्ये या बाजूचे एकाहून एक अल्बम आले, त्यातले माझ्या मते खरे दावेदार दोनच.

पहिला शबाकाचा, 'पर्सीव्ह इट्स ब्युटी, अ‍ॅक्नॉलेज इट्स ग्रेस'. हा लंडनचा माणूस, लहानपण बार्बाडोसला गेलं, सॅक्सोफोनवर मोठं नाव केलं आणि 2023 संपता संपता सॅक्स बाजूला ठेवून बासरीकडे वळला, त्यातही जपानची शाकुहाची. रेकॉर्डिंग न्यू जर्सीच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत, जिथे अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं 1964 मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' हा या प्रकारातला गाजलेला अल्बम केला तिथेच, आणि सगळे वादक हेडफोन न लावता एकाच खोलीत बसून वाजवतायत. ते जाणवतं हो! ब्रँडी यंगरचं हार्प आणि बासरीची फुंक असं ऐकू येतं की श्वाससुद्धा सुटत नाही. शेवटच्या ट्रॅकवर तर त्याचे वडील स्वतःची कविता म्हणतात. फक्त एक सांगून ठेवतो, आपला कान बांसुरीवर तयार झालेला असतो, आलाप, मग जोड, मग गत असं आपण शोधत बसतो, ते इथे नाही. तुकडे छोटे आहेत, सूर येतो आणि विरतो, आणि रस्त्यावर ट्रॅक्टर-रिक्षा चालू असताना हा अल्बम ऐकूच नका, निम्मा हरवेल.

दुसरा न्दुदुझो मखाथिनीचा 'उनोमखुबुलवाने', ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीनं काढलेला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताळचा पियानिस्ट, आणि तिकडच्या परंपरेतला उपचार करणारा वैदूही. उनोमखुबुलवाने ही झुलू लोकांची पाऊसपाण्याची, सुपीकतेची देवी. पियानो, बास, ड्रम्स एवढंच, तीन भागांची सलग रचना, आणि मधूनमधून तो स्वतः झुलूत गातो, आवाहन करतो. कानबाईच्या रात्री बायका एकच ओळ परत परत म्हणत जातात आणि तासाभरानं तीच ओळ वेगळी लागायला लागते ना, तसा याचा डावा हात चालतो. फ्रान्सिस्को मेला हा क्यूबाचा ड्रमर, ताल धरून ठेवण्यापेक्षा तो हलवत राहतो, त्यामुळे देवीचं नाव असलं तरी अल्बम संथ नाही. आणि शबाका-मखाथिनी एकमेकांना अनोळखी नाहीत बरं का, शबाकाच्या 'विस्डम ऑफ एल्डर्स' या 2016 च्या अल्बमवर मखाथिनीच होता.

बाकीच्यांत एझ्रा कलेक्टिव्ह या लंडनच्या बँडचा 'डान्स, नो वन्स वॉचिंग' हा सरळ नाचायचा, अफ्रोबीटचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या नाचत्या तालाचा अल्बम. त्यांचा ड्रमर फेमी कोलिओसो अफ्रोबीटचा ताल घडवणाऱ्या टोनी अ‍ॅलन या नायजेरियन ड्रमरकडे शिकलेला आहे आणि ते पहिल्या मिनिटात कळतं. घरात चार पोरं जमली असतील तर हाच लावा, पण एलपीचे पैसे यावर मी नाही घालणार, फोनवरही मजा येते. सॅक्सोफोनवादक नुबिया गार्सियाच्या 'ऑडिसी'त चिनेके ऑर्केस्ट्राची व्हायोलिनं-चेलो आहेत, तिनं स्वतः लिहिलेली, सुंदरच आहेत, पण काही ठिकाणी सॅक्सवर चढतात असं मला वाटतं.

तर माझं मत मखाथिनी. भजनात, बैठकीत वाढलेल्या माणसाला आत शिरायला तिथे दार आहे, आणि तीनच वाद्यं असल्यानं साध्या स्पीकरवरही सगळं वेगवेगळं ऐकू येतं. चांगले हेडफोन असतील आणि रात्री एकटं बसून ऐकायची सवय असेल तर मात्र शबाका घ्या. कुठलाही घेतला तरी शफल बंद ठेवा, मखाथिनीचे तीन भाग तरी क्रमानंच ऐका.