नांदूर मधमेश्वर: दुर्बीण विसरलात तर चालेल, गाईड घ्याच

नाशिकहून साधारण 40 किलोमीटरवर, गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा इंग्रजांच्या काळातला बंधारा. शंभर वर्षांत गाळ इतका साठला की मधे बेटं उठली, पाणी उथळ झालं आणि बदकांची सोय झाली. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 मध्ये जाहीर झालेली जागा ती हीच. रविवारी रीलवाल्यांची जत्रा असते, तेव्हा आडवार बघा.

आम्ही डिसेंबरअखेर गेलो: मी, नवरा आणि सासूबाई. गाईड म्हणजे तिथल्याच गावातला पोरगा, खांद्यावर स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण. मनोऱ्यावर न्यायच्या आधी त्यानं आम्हाला पाणकणसाच्या कडेला उभं केलं. जांभळ्या पाणकोंबड्या कोवळे कोंब उपटून, पायात धरून सोलत होत्या, आपण उसाचं कांडं सोलतो तसं. सासूबाईंनी तिथंच बैठक मारली. मनोऱ्याच्या पायऱ्या त्यांना जमणारच नव्हत्या. वयस्कर माणूस सोबत असेल तर घडीचं स्टूल गाडीत टाका.

वरून आमच्या दुर्बिणीत नुसते ठिपके. त्याच्या स्कोपमधून मात्र थापट्या बदकाची पसरट चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, पलीकडच्या बेटावर चक्रवाकांची जोडी. एकदम सगळी बदकं उडाली. "ताई, भोवत्या आला, शिकारी पक्षी, पाणकणसावर बघा," तो म्हणाला. मी एकटी असते तर उडणारी बदकंच बघत बसले असते.

कमळपक्षी दिसले, पण बिनशेपटीचे. "ती लांब शेपटी विणीच्या हंगामात. पावसाळ्यात या, नर अंडी उबवताना दाखवतो. मादी बसतच नाही." खाली आल्यावर हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी आपल्या मुलाकडे बघितलं.

रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं त्यानं कबूल केलं नव्हतं, आणि दिसलेही नाहीत. झाडांच्या बाबतीत मात्र बेशरम आणि बाभळीपुढे गाडी सरकली नाही. काठावरच्या एका बारीक पिवळ्या फुलाला तो "गवतच आहे" म्हणाला.

उजाडता उजाडता पोचा. ऊन चढलं की पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते. कानटोपी हवीच, निफाडची थंडी पेपरात वाचता तीच ही. भडक कपडे नकोत, डबा घरचाच न्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पिवळ्या फुलाचा कापला.