एक किलो अत्तराच्या नव्वदच बाटल्या

१,१८,००० अधिक ५९,०००. एकूण १,७७,००० रुपये. कनौजचं गुलाब-चंदन अत्तर म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या रसायनाची ही किंमत. हळदीकुंकवाला, रुखवताला, दिवाळीच्या भेटींना अत्तराच्या छोट्या बाटल्या भरून विकणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, म्हणून लाज गुंडाळून लिहितेय.

प्रकार नेहमीचाच. आधी खरा नमुना, मग खोटा माल, मग फोन बंद. पण "स्वस्त बघून भुललीस" असं कुणी म्हणू नका. पहिलं १०० ग्रॅम मी १४,५०० रुपयांना घेतलं होतं आणि ते अस्सल होतं. गुलाब ओसरला की मागून चंदन यायचं आणि सकाळपर्यंत मनगटावर राहायचं. विकणारा माणूसही माहितगार. फुलं उकळायची तांब्याची देग, मातीनं लिंपलेलं झाकण, बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे वाफ थंड होऊन जमते त्या भांड्यात, उतरणारी वाफ, भपक्यात आधीच ओतलेलं चंदनतेल, रोज ताजी फुलं पण तेल तेच, हे सगळं घडाघडा सांगायचा. व्हिडिओ पाठवायचा. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन आहे, ते तर दर दोन वाक्यांनी. मानांकन खरंच आहे. त्याच्या मालाला नव्हतं.

किलोचा भाव त्यानं १,१८,००० सांगितला. जास्त माल, म्हणून सूट. आता हिशोब मांडते तेव्हा स्वतःचाच राग येतो. नुसत्या अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर. एक किलो शुद्ध गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. अत्तरात ते थोडंच उतरतं हे मान्य, पण फुलं, सरपण, मजुरी, त्याचा नफा, हे सगळं उरलेल्या दहा-पंधरा हजारांत बसवायचं कसं? भाव फार कमी असता तर मी पळालेच असते. त्यानं तो बरोबर मधला ठेवला होता.

आणि तरीही थांबायची वेळ होती. मी बाटल्या भरत होते. १० मिलीची बाटली, एक किलो माल. चंदनतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणजे किलोत लिटरपेक्षा थोडं जास्तच भरायला हवं, शंभराच्या वर बाटल्या. भरल्या नव्वद. सांडलं नव्हतं, ड्रॉपर नवा होता, वजनकाटा बरोबर होता. फोन केला तर म्हणाला, "दीदी, असली चंदन भारी होता है." आणि मी ऐकून घेतलं! नव्वद बाटल्या डोळ्यांसमोर रांगेत उभ्या असताना. बाहेर नवरा जेवायला हाका मारत होता, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं, कोण भौतिकशास्त्र काढून बसणार? वर त्याच फोनवर तो म्हणाला, गुलाबाचा हंगाम संपत आलाय, अर्धा किलोच उरलंय. ५९,००० रुपये मी त्याच रात्री पाठवले. तो माल आलाच नाही.

पाण्याच्या पेल्यात थेंब टाकून बघा. माझा सरळ तळाला गेला. अत्तरात भेसळीला घालतात ते डायइथाइल थॅलेट नावाचं बिनवासाचं रसायन पाण्यापेक्षा जड असतं, म्हणूनच किलोत बाटल्या कमी भरल्या. मग प्रयोगशाळेत ३,५४० रुपये भरून तपासणी केली: थॅलेट ८६ टक्के, बाकी बहुतेक गुलाबाचा वास देणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल, सॅन्टालॉल शून्य. अस्सल चंदनतेलात नुसतं अल्फा-सॅन्टालॉलच ४१ ते ५५ टक्के असतं. त्यानं नमुन्यासोबत तपासणीचा कागद दिला होता, पण तो कुठल्या घाण्याचा, देव जाणे. कागद बॅचचा मागा, आणि हातात आलेल्या मालातलं थोडं स्वतः तपासायला पाठवा. कनौजला १९९१ पासून सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, असले नमुने तिथे तपासून मिळतात.

पावतीवर जीएसटी क्रमांक होता. पोर्टलवर टाकला तर निघालं बांधकाम साहित्याचं दुकान. दोन मिनिटांचं काम, पैसे पाठवण्याआधी करायचं. खातंही फर्मचं नव्हतं, कुणाचं तरी बचत खातं.

आता सरकारी कारभार ऐका. पोलीस ठाण्यात हवालदारानं अर्धं ऐकून सांगितलं, "ताई, माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, अर्धा किलो तर आलाच नाही. "येईल की." चारशे वीस लावा म्हटलं, तर हसून म्हणाला, आता तो आकडा राहिला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मीच घरून शोधून नेलं, तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेले होते. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला: उशीर झाला, पैसे पुढच्या खात्यांत गेले. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. खरंय, मीच पाठवले, पण खातं उघडताना त्याची कागदपत्रं मी नव्हती तपासली, बँकेनं तपासली होती! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर ऐकवलं की पुनर्विक्रीसाठी माल घेतलात, तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्यांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपवाद आहे, तो मी वाचून दाखवला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, वकील करा. वकिलाची फी २५,०००.

शंका आली की त्याच तासाला १९३० लावा. विक्रेत्याला आधी जाब विचारत बसू नका, तेवढ्यात तो खातं रिकामं करतो. चॅट पुसू नका. सीलबंद डबा फोडताना व्हिडिओ काढा, नाहीतर "भेसळ तुम्हीच केली" हे ऐकायची तयारी ठेवा. मला ऐकवलंय, आणि तेही ठाण्यात.

विकलेल्या ३४ बाटल्यांचे पैसे मी परत केले, बाटलीला १,६५० प्रमाणे ५६,१००. माझ्या तक्रारीपुढे पोर्टलवर 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं. तो नव्या नावानं तोच देगचा व्हिडिओ टाकतोय. भाव किलोला १,१२,०००.