कोथरूडमधलं हे क्लिनिक: आधी कारण शोधतात, मग औषध

पाळी पुढेमागे होत असेल आणि दिवस राहत नसतील तर आयव्हीएफचे पैसे भरायच्या आधी एकदा इथे दाखवून घ्या, अगदी मनापासून सांगतेय. आम्ही आधी जिथे जायचो (नाव नाही लिहीत) तिथे पहिल्याच भेटीत पॅकेजचा कागद पुढे केला, थायरॉईड तपासायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही.

इथे मॅडमनी पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, सोबत टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध यायचं हार्मोन), एएमएच अशा हार्मोनच्या रक्ततपासण्या करायला सांगितल्या आणि ह्यांचीही तपासणी लगेच करून घेतली, नाहीतर आपल्याकडे सगळ्या सुया बाईलाच. माझा टीएसएच 9 च्या वर आला, प्रोलॅक्टिनपण वाढलेलं. आता दोन्हीच्या गोळ्या सुरू होणार असं वाटलं, पण मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं, की थायरॉईड कमी पडला की मेंदू टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सोडतो, त्याने टीएसएच वाढतोच पण प्रोलॅक्टिनही चढतं, आणि ते चढलं की अंडं वाढायचा सिग्नलच दबतो. म्हणून एकच गोळी, थायरॉईडची, सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या 4 तास लांब. थायरॉईड ताळ्यावर आला तसं प्रोलॅक्टिन खरंच उतरलं! पाळी नियमित झालीये, गुड न्यूज अजून नाही, पण नेमकं काय चाललंय ते कळतं ह्याचंच केवढं बरं वाटतं.

जाऊबाईंना पीसीओडी, त्यांनाही इथेच आणलं. त्यांना पाळीच्या सुरुवातीला 5 दिवस लेट्रोझोल (अंडं वाढायची गोळी), मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत बघत राहायचं. ह्या गोळीवर 2011 ला भारतात वंध्यत्वासाठी बंदी आली होती ना, ते नेटवर वाचून त्या घाबरल्या होत्या, मॅडमनी न चिडता सांगितलं की ती बंदी 2017 ला उठली आणि आता पीसीओडीत आधी हीच देतात. सोनोग्राफी करताना स्क्रीन आपल्याकडे वळवतात, काळा गोल दिसतो, तीच अंड्याची पिशवी, तो 18-20 मिमीचा झाला की अंडं फुटायचं इंजेक्शन. शेजारच्या काकू काही म्हणोत, हे सगळं नीट मोजूनमापून होतं.

शनिवारी मात्र गर्दी फार, अपॉइंटमेंट असूनही ताटकळत बसावं लागतं, आणि पार्किंग नाहीच, रिक्षाने या. पाळी आली की त्याच दिवशी फोन करून दुसऱ्या दिवसाचा नंबर लावा आणि जुने रिपोर्ट सगळे आणा, मॅडम एकेक कागद वाचतात.